पुडीच्या कागदावरची अक्षरे

प्लास्टिकच्या पिशव्या बाजारात येण्यापूर्वी किराणा दुकानात गल्ल्याशेजारी दोन वस्तू हमखास असत. एक सुतळीचे रीळ आणि दुसरी रद्दीची चवड. जुनी वर्तमानपत्रे, मुलांच्या वापरलेल्या वह्या, क्वचित एखाद्या सुट्या झालेल्या पुस्तकाची पाने त्या चवडीत एकावर एक रचलेली असत. साखर, मिरची, चहापत्ती, हळद, सारे काही त्या पानांत बांधून गिऱ्हाइकाच्या हाती जाई. माल डब्यात रिकामा झाला की कागदाचे काम संपे आणि तो चुलीत पडे. दुकानदाराला त्याची आठवण राहण्याचे कारण नव्हते, गिऱ्हाइकालाही नव्हते.

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यातील जंगलाच्या बाजूला नवरगाव नावाचे खेडे होते. तेथील एका गुराख्याच्या घरी मात्र असा कागद चुलीपर्यंत पोहोचत नसे. त्या घरची तरुण सून तो हलक्या हाताने उलगडी, त्याच्या सुरकुत्या सारख्या करी आणि कोणी पाहत नाही असे पाहून वाची. वाचून झाल्यावर तो उंदराच्या बिळात दडवून ठेवी. घरच्यांच्या दृष्टीस पडला तर मार बसे. बाईमाणसाने वाचणे हा त्या घरात गुन्हा होता. पुढे हजारो श्रोत्यांसमोर उभे राहून ही आठवण सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे, थोडी मौजच असे. ती सून म्हणजे सिंधुताई सपकाळ. सारा महाराष्ट्र त्यांना नंतर ‘माई’ म्हणू लागला.

त्यांच्या जीवनाची कथा आता सर्वपरिचित आहे. २०१० साली अनंत महादेवन यांनी ‘मी सिंधुताई सपकाळ’ हा चित्रपट काढला, २०२१ च्या पद्मश्री सन्मानाच्या यादीत त्यांचे नाव आले, आणि ४ जानेवारी २०२२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले तेव्हा वर्तमानपत्रांची पाने त्यांच्या आठवणींनी भरून गेली. ही कथा ‘गरिबीने माणूस घडतो’ या वाक्याने संपवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. व्यासपीठावर हे वाक्य टाळ्या मिळवते. परंतु सिंधुताईंचे बालपण जवळून पाहिले तर ते वाक्य फारसे खरे वाटत नाही. ज्या गरिबीतून त्या आल्या, त्याच गरिबीत त्यांची आई होती, त्यांचे पती होते, गावातील इतर बायाही होत्या. गरिबी घडवत असती तर तिने या सर्वांनाच घडवले असते. सिंधुताईंच्या वाट्याला गरिबीखेरीज आणखी काही आले होते, आणि ते काय होते हे पाहण्यासारखे आहे.

१४ नोव्हेंबर १९४८ रोजी वर्धा शहराला अगदी लागून असलेल्या पिंपरी मेघे या गावी त्यांचा जन्म झाला. वडील अभिमानजी साठे गुराखी होते. मुलगी झाली याचा आनंद घरात कोणाला झाला नाही आणि तिचे नाव चिंधी पडले. दृष्ट लागू नये म्हणून मुलांना धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत महाराष्ट्रात होतीच; पण आपले नाव त्या मायेतून आले नव्हते, आपण नकोशा होतो म्हणून आले होते, असे सिंधुताई सांगत असत. कापडाच्या व्यापारात असलेल्या वाचकांना चिंधीची किंमत सांगायला नको. ठाण मोजून, फाडून, विकून झाल्यावर जे फरशीवर उरते ते.

ते वर्ष आणि ते ठिकाण, दोन्ही ध्यानात घेण्याजोगी आहेत. गांधीजी १९३६ साली वर्ध्याजवळच्या शेगावात राहावयास आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नई तालीम’ या नावाने देशभर ओळखली गेलेली शिक्षणयोजना आकारास आली. गरिबाच्या मुलाने काम करता करता शिकावे हा त्या योजनेचा गाभा. त्याच वर्ध्याच्या वेशीवर, परिषदेनंतर अकरा वर्षांनी, गांधीजींच्या हत्येच्याच वर्षी, एक गुराख्याची मुलगी जन्माला आली आणि तिला पाटी मिळाली नाही. मोठ्या योजना आणि लहान घरे यांच्यामधले अंतर कधी कधी दोन-तीन कोसांचेच असते. ते ओलांडायला मात्र पिढ्या जातात.

पाटी नव्हती म्हणून चिंधी झाडाच्या पानांवर अक्षरे गिरवीत असे. तिला शिकवण्यास आईचा विरोध होता. मुलगी शिकली तर घरकाम आणि गुरे कोणी पाहायची, हा तिचा प्रश्न. त्या घरच्या मिळकतीकडे पाहिले तर तो अगदीच गैरवाजवी म्हणता येणार नाही. वडिलांना मात्र मुलीने शिकावे असे वाटे. उघड भांडण करण्याऐवजी त्यांनी एक साधी युक्ती काढली. चिंधी गुरे राखायला जाते असे घरी सांगावयाचे आणि तिला शाळेत पाठवायचे. म्हशी एकदा तळ्याच्या पाण्यात बसल्या की लवकर उठत नाहीत, हे प्रत्येक गुराख्याला ठाऊक असते. म्हशी पाण्यात बसल्या की चिंधी शाळेकडे धाव घेई. म्हशी किती वेळ डुंबतात त्यावर तिचा अभ्यास अवलंबून असे. अशा रीतीने तिचे चार इयत्तांचे शिक्षण झाले.

चौथी पास ही काही मोठी पात्रता नव्हे. कोणत्याही कचेरीत शिपायाच्या जागेलाही ती पुरली नसती. परंतु या शिक्षणात चार इयत्तांपेक्षा अधिक काही होते. घरात एक माणूस असा होता की ज्याने तिच्यासाठी खोटे बोलण्याची जोखीम पत्करली. चिंधी म्हणून टाकलेल्या मुलीला आपण कोणाला तरी हव्या आहोत, इतकेच नव्हे तर आपल्याकडून कोणाला तरी काही अपेक्षा आहे, हे या एका गोष्टीने कळले. पुढच्या आयुष्यात पतीने, गावाने आणि माहेराने दार लावले तेव्हा त्यांच्या गाठीशी पैसा नव्हता, जमीन नव्हती, नात्याचा आधार नव्हता. हा एक ठेवा तेवढा होता.

दहा-बारा वर्षांच्या वयात चिंधीचे लग्न झाले. वर श्रीहरी सपकाळ तिशीतले. शाळा सुटली, नवरगावचे घर आले, एकामागून एक तीन मुलगे झाले. पुडीच्या कागदांचे प्रकरण याच काळातले. वाचनाची भूक भागवायला तेवढेच साधन होते, आणि तेही बिळात दडवावे लागे. त्या कागदांवर अर्धवट बातम्या असत, अर्धी कविता असे, कोणाच्या तरी वहीतले अर्धे गणित असे. पूर्ण वाक्य मिळणे म्हणजे भाग्य. दुकानदाराने कोणत्या पानात हळद बांधली, यावर त्या दिवशीचा धडा ठरे.

नवरगावात एक गोष्ट घडली. तिचा हिशेब व्यापारी वाचकांना चटकन समजेल. गुरे जंगलात चरत आणि त्यांचे शेण गावातील बाया गोळा करीत. वाळलेले शेण म्हणजे जळण, आणि जळणाला किंमत असते. हे शेण गावातला एक वजनदार इसम वनखात्याला विकत असे. ज्या बाया वाकून वाकून ते उचलत, वाहून नेत, त्यांना मात्र एक पैसा मिळत नसे. मालाची खरेदी शून्य, मजुरी शून्य आणि विक्रीची रक्कम पूर्ण नफा. असा व्यवहार कोणत्याही पेढीच्या वहीत आढळला तर जाणता मुनीम बोट ठेवील. गावात मात्र तो वर्षानुवर्षे बिनबोभाट चालला होता, कारण बोट ठेवणारे कोणी नव्हते.

सिंधुताईंनी ते ठेवले. बायांच्या कष्टाचा मोबदला बायांना मिळाला पाहिजे, एवढीच मागणी होती. गोष्ट वाढत गेली आणि जिल्हाधिकारी स्वतः गावात आले. त्यांनी चौकशी केली. बायांचे म्हणणे त्यांना पटले आणि त्याप्रमाणे हुकूम निघाला. चौथी शिकलेल्या, पोटुशी असलेल्या एका गुराख्याच्या बायकोने हा विजय मिळवला होता. या लढ्यात तिच्या कामी काय आले? अक्षरओळख आली असेल, पण त्याहून अधिक तिची एक सवय आली. जे आहे ते असेच असायचे, असे न मानण्याची सवय. म्हशी पाण्यात बसल्या असता शाळेत जाता येते हे जिने लहानपणी पाहिले, तिला कोणतीही वाट पूर्ण बंद वाटत नसावी.

विजयाची किंमत लवकरच वसूल झाली. ज्याचे उत्पन्न बुडाले त्याने सूड घेतला. त्याने पतीच्या मनात पत्नीविषयी विष कालवले आणि नऊ महिन्यांच्या गरोदर सिंधुताईंना मारहाण करून घराबाहेर काढण्यात आले. १४ ऑक्टोबर १९७३ रोजी गाईच्या गोठ्यात त्यांना मुलगी झाली. जवळ दुसरी बाई नव्हती, सुईण नव्हती. नाळ त्यांनी स्वतः दगडाने ठेचून तोडली. शुद्ध हरपलेल्या स्थितीत आपल्या अंगावर एक गाय उभी होती आणि ती कोणाला जवळ येऊ देत नव्हती, असे त्या सांगत. गाईला दिलेला शब्द त्यांनी पुढे पाळला. वर्ध्यात त्यांनी सुरू केलेले गोपिका गाईरक्षण केंद्र हे त्याचेच फळ. जीवदयेच्या कार्यास वर्षानुवर्षे हातभार लावणाऱ्या कुटुंबांना या मागचे मोल समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. फरक इतकाच की येथे दया गाईने प्रथम दाखवली होती.

तान्ही मुलगी कुशीत घेऊन त्या पायी माहेरी गेल्या. आईने त्यांना घरात घेतले नाही.

या प्रसंगावरून वाचक घाईने पुढे जातो, कारण तो सोसवत नाही. परंतु गरिबी माणसाला काय करते हे जर कोठे दिसत असेल तर ते येथे दिसते. त्या आईला दुष्ट ठरवणे सोपे आहे. नवऱ्याने टाकलेली मुलगी घरात घेतली तर लोक काय म्हणतील, खाणारी दोन तोंडे वाढली तर धान्य कोठून आणायचे, हे प्रश्न तिच्यापुढे होते. सधन घरात परत आलेल्या मुलीबद्दल कुजबुज होते, पण तिच्यासाठी एक खोली निघते. दारिद्र्यात लोकलाज आणि भाकरी ही दोन्ही ओझी एकाच खांद्यावर येतात आणि पुष्कळदा माया त्यांच्याखाली चिरडते. ती आई स्वतःच कधी काळी कोणाची तरी नकोशी मुलगी असेल.

पुढची काही वर्षे रेल्वेच्या फलाटांवर आणि गाड्यांत गेली. सिंधुताई भजने म्हणत आणि भीक मागत. रात्री फलाटावर एकट्या बाईला धोका असे, म्हणून त्या स्मशानात झोपत. तेथे रात्री माणसे येत नाहीत. भूक असह्य झाली तेव्हा चितेच्या निखाऱ्यांवर भाकरी भाजून खाल्ल्याचे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. जीव द्यावा असेही मनात येऊन गेले. एकदा त्या एका झाडाखाली बसल्या होत्या. कोणीतरी कुऱ्हाड घातल्याने त्याची एक फांदी केवळ सालीच्या आधाराने लोंबत होती आणि तरीही तिची सावली त्यांच्यावर पडत होती. ती पाहून मन मागे फिरले, असे त्या सांगत.

याच भटकंतीत त्यांच्या ध्यानात आले की फलाटावर आपण एकट्या नाही. कोणी टाकलेली, कोणी हरवलेली, कोणी पळून आलेली मुले तेथे होती. मागून आणलेल्या अन्नात त्या मुलांचा वाटा पडू लागला. रेल्वेरुळांजवळ सापडलेला एक मुलगा त्यांचा पहिला मानलेला मुलगा ठरला. नंतर मुले येतच राहिली. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोटभर मिळाल्यानंतर उरलेले वाटणे ही दानाची नेहमीची रीत आहे, आणि तीही चांगलीच आहे. सिंधुताईंनी अपुऱ्यातून वाटले. उपाशी माणूस दुसऱ्या उपाशी माणसापासून घास लपवतो. तसे लपवणारेही फलाटावर असणारच. त्यांनी तो लपवला नाही याचे श्रेय भुकेला देता येत नाही.

चिखलदऱ्याच्या बाजूला त्या आल्या तेव्हा मेळघाटात व्याघ्रप्रकल्पाचा प्रारंभ झाला होता. वाघांसाठी आदिवासींची गावे उठवण्याचा प्रश्न होता. गुरे कोंडली गेली होती, माणसे भांबावली होती. सिंधुताईंनी त्यांची बाजू घेतली, मंत्र्यांपर्यंत गाऱ्हाणे नेले आणि आदिवासींच्या पुनर्वसनासाठी झगडा दिला. हा भाग त्यांच्या चरित्रात थोडा मागे पडतो. वास्तविक नवरगावच्या शेणाचा तो लढाच येथे मोठ्या पटावर खेळला गेला. चिखलदऱ्यातच पुढे सावित्रीबाई फुले यांच्या नावाने मुलींचे वसतिगृह निघाले.

त्यानंतर त्यांनी एक निर्णय घेतला. त्याविषयी आजही घरोघरी दोन मते पडतात. स्वतःची मुलगी जवळ असली तर अनाथ मुलांत आणि तिच्यात भेद होईल. रात्री भुकेच्या वेळी आपला हात आधी आपल्या मुलीकडे जाईल, अशी भीती त्यांना वाटली. म्हणून ममता हिला त्यांनी पुण्यातील श्रीमंत दगडूशेठ हलवाई संस्थेच्या स्वाधीन केले. समन्यायाच्या दृष्टीने हा निर्णय थोर आहे. पण जी मुलगी गोठ्यात जन्मली, आजोळच्या दारातून परतली, तिला आईही वाटून घ्यावी लागली. या त्यागाची अर्धी किंमत त्या मुलीने मोजली, आणि गौरवाच्या भाषणांत तिचा उल्लेख फारसा होत नाही. त्याच ममताताई पुढे आईच्या कार्यात आल्या आणि आज ते सांभाळीत आहेत, यातून त्यांच्या मनाचा काही अंदाज करता येतो.

संस्था वाढत गेल्या. सासवडजवळ कुंभारवळण येथे ममता बाल सदन, पुण्याजवळ मांजरी येथे सन्मती बाल निकेतन. ‘सन्मती’ हे भगवान महावीरांचे नाव. या मासिकाच्या वाचकांना ते पाहताच आपलेसे वाटावे. हजाराहून अधिक मुले या घरांत वाढली. कोणी वकील झाले, कोणी डॉक्टर झाले, कोणी स्वतःच अनाथाश्रम चालवू लागले. सुना आणि जावई यांची गणती शेकड्यांवर गेली. या सर्व मुलांच्या जेवणाचा, शाळेचा, औषधाचा खर्च मुख्यतः सिंधुताईंच्या भाषणांवर चाले. गावोगाव व्याख्यान द्यावयाचे आणि शेवटी श्रोत्यांपुढे पदर पसरावयाचा. पुरस्कारांची रक्कमही मुलांच्या घरासाठी जमीन घेण्याकडे गेली. निश्चित उत्पन्न नाही, ठेव नाही, तारण देण्यासारखी मालमत्ता नाही. कर्जाच्या अर्जावर अशी माहिती लिहिली तर कोणताही अधिकारी तो बाजूला ठेवील. पण दर महिन्याला इतकी ताटे वाढली जात होती.

आणि ती भाषणे! संतांचे अभंग, बहिणाबाईंच्या कविता, उर्दू शेर, वैदर्भी बोलीतले टोले आणि मध्येच अंगावर काटा आणणारी आठवण. लिहून आणलेला कागद हाती नसे. श्रोते क्षणात हसत आणि क्षणात डोळे पुसत. चौथी शिकलेल्या बाईकडे हे शब्दधन आले कोठून, असा प्रश्न पडणाऱ्यांनी नवरगावचे ते बीळ आठवावे. वर्षानुवर्षे तुकड्या-तुकड्यांनी वाचलेले पाठ झाले होते, कारण कागद केव्हा हाती लागेल आणि केव्हा चुलीत जाईल याचा भरवसा नव्हता. जे वाचायचे ते त्याच वेळी मनात साठवावे लागे. हळदीचा वास लागलेल्या त्या अक्षरांवर पुढे शेकडो मुले जेवली.

उतारवयात श्रीहरी सपकाळ त्यांच्याकडे परत आले. वय झालेले, थकलेले. सिंधुताईंनी त्यांना घरात घेतले, पण पती म्हणून नव्हे. आता आपण केवळ आई आहोत, राहायचे तर मूल होऊन राहा, असे त्यांनी सांगितले. येणाऱ्या पाहुण्यांना त्या ‘हा माझा सर्वांत मोठा मुलगा’ अशी त्यांची ओळख करून देत. क्षमेचे प्रतिक्रमण दरवर्षी करणाऱ्या समाजाला क्षमा शब्द नवा नाही. तरीही या क्षमेत एक वेगळी शिस्त आहे. त्यांनी वैर सोडले, जुने नाते मात्र पुन्हा जोडले नाही. कोंडमारा विसरून जाणे आणि तो करणाऱ्याला उपाशी न ठेवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पुरते कळले होते. एका बंद दारासमोर तान्ह्या मुलीला घेऊन उभे राहिल्याची आठवण असल्याने, आपल्या दाराशी आलेल्या कोणालाही परत पाठवणे त्यांना शक्य झाले नसावे.

वर्ध्यातही त्यांनी मुलांसाठी एक घर उभारले. त्याला कोणा देणगीदाराचे, पुढाऱ्याचे किंवा देवाचे नाव देता आले असते. गुरे राखायला नेतो असे सांगून मुलीला शाळेत पाठवणाऱ्या त्या गुराख्याचे नाव त्यांनी दिले. अभिमान बाल भवन.